तारांखालची हाडाची पट्टी

बेळगाव, मंगळवार, फेब्रुवारी १९३४

अण्णाने आज गिटार कॅम्पातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून आणली. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यानेच घेतलेली. माझ्या तंबोऱ्याचा भोपळा फुटल्यापासून मी तीच उभी धरते, सगळ्या तारा सा-पात लावते आणि गाते. हसणारे हसोत.

तिच्या पोटावरची चीर बुजवलीय, खुंट्या घट्ट झाल्यात, पॉलिशही झकास. पण तार छेडली, पुन्हा छेडली. आवाज स्वच्छ, कोरडा. गुणगुण गेली कुठे?

"मिस्त्री म्हणाला, लई झणझणत हुती. तारांखालची हाडाची पट्टी झिजल्या, म्हणून नवी घातली," अण्णा खुशीत सांगत होता.

अरे, ती झणझण म्हणजेच जवारी! ती यावी म्हणून तंबोरेवाले दिवसदिवस हाड घासत बसतात. इथे साहेबाच्या बोटांनी की काळाने, आपोआप घासून मिळालं होतं. मिस्त्रीला तो रोग वाटला. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याकडे गिटार आली होती, तंबोरा नव्हे.

पण उद्या कडोली गावात गायचंय. या कोरड्या आवाजावर? छे.

बरं, जुनी पट्टी मिस्त्रीने पुडीत बांधून दिलेली. अण्णा ओसरीवर गेल्यावर तारा सैल केल्या, नवी पट्टी काढली, जुनी बसवली. जवारी खुलावी म्हणून तारांखाली शिवणाचा दोरा सरकवला. सा लावला. खोली भरून गेली. उद्या मी गाणार, आणि चांगलं गाणार.

ओसरीवरून अण्णा ओरडला, "बघ गं, दुरुस्त केल्यावर कशी बोलत्या!"

"व्हय अण्णा," म्हटलं, आणि नवी पट्टी पुडीत बांधून ठेवली.