माहेरच्या पाण्यातली डाळ

लातूर, सोमवार संध्याकाळ

लातूर जिल्हा नवा झाला, यांची इथं बदली झाली, तेव्हापासून बोअरच्या पाण्यात डाळ काही शिजत नाही. पातेल्याला पांढरा थर बसतो तो वेगळाच. दुष्काळात माहेरून पाणी मागवणं बरं दिसत नाही, तरी मागवलंच. आज दादा रेणापूरहून आमच्या विहिरीचं किटलीभर पाणी घेऊन आला. लगेच डाळ टाकली. तासभर उकळूनही दाणा बोटानं दबेना.

"हीर लई खोल गेलीय," दादा म्हणाला. "आता खालच्या खडकातलं पानी येतंय. जड हाय."

मग इतके दिवस मी कुठल्या पाण्याची आस धरून बसले होते?

दादा गेल्यावर पाहिलं, पातेल्याला तोच पांढरा थर. घासायला घेतलं, पण हात चालेना. इतक्या खोलातलं माहेर मी कधी पाहिलंच नव्हतं.