नोएलीनला घर, खिडकी आणि कुत्रा

मी, बेरिल जोन पॅस्को, जिला लोक साठ वर्षं ट्रुडी लार्क या नावाने ओळखतात, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार स्टॉकटन, न्यूकॅसल, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे. माझ्या स्मरणशक्तीविषयी कोणाला शंका असेल तर त्याने पुढची कलमं वाचावीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रं मी रद्द करते. निरोपाचे दौरे मी सात केले आणि सातही वेळा लोकांनी तिकिटं काढून रडून घेतलं. हा आठवा निरोप मात्र खरा आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे वकील श्री. पीटर वासिलिऊ यांनी करावी. माणूस सज्जन आहे, पण भित्रा. कच्चा मसुदा वाचून म्हणाले, "मिस लार्क, मृत्युपत्रात लोकांची उणीदुणी काढत नाहीत."

"मग काय लिहितात?"

"मालमत्ता."

"अहो, माझी अर्धी मालमत्ता तीच आहे," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

कलम २. माझ्या अंत्यविधीला 'जेटीवर भेट' हे गाणं लावावं, तेही मूळ तबकडीवरचं, १९६६ सालचं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि वरचा सूर मला विचार न करता लागत असे. एरवी माझ्यासारखा केसांचा टोप घालून हे गाणं गाणारे देशात चार जण आहेत, तीन बायका आणि सिडनीचा डॅरेन मोल्डन. बायकांना बोलावू नये. डॅरेनला बोलवावं, कारण तो माझ्यापेक्षा बरं चालतो आणि गाताना रडत नाही. माझे सगळे पोशाख, टोप आणि वाफेची इस्त्री त्यालाच द्यावी. पिवळा पोशाख मात्र देऊ नये, त्याविषयी पुढे लिहिलं आहे.

कलम ३. श्री. रसेल टिमिन्स, वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे, आता निवृत्त, माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. १९८८ साली त्यांनी लिहिलं की माझा आवाज किनाऱ्यावरच्या उपाशी सीगल पक्ष्यासारखा आहे. माझ्या पश्चात एक वर्षभर दर रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात गरम चिप्सचा एक मोठा पुडा उधळावा. उरलेलं काम सीगल करतील. वासिलिऊ म्हणतात हे कायद्यात बसणार नाही. मग त्यांनी फिरायला जाताना हातून पुडा सांडला असं समजावं.

कलम ४. (हे कलम मी गुरुवारी लिहिलं.)

स्टॉकटनचं माझं घर मी माझी धाकटी बहीण नोएलीन हिला एका अटीवर देते. अट का घातली ते आधी सांगते.

१९६८ साली मी माझ्या शिखरावर होते. दूरचित्रवाणीवर दर शनिवारी दिसत होते, पोरी माझ्यासारखे केस कापून घेत होत्या, आणि माझा व्यवस्थापक डेस हार्किन मला माजी सैनिकांच्या क्लबांतून फिरवत होता. नोएलीन माझ्या मागे उभी राहून साथ द्यायची. ऑगस्टमध्ये आम्ही पश्चिमेकडच्या वॉरिंगा गावी पोचलो. या क्लबांत रोज संध्याकाळी दिवे मंद करतात, हातातली बिअर खाली ठेवतात आणि युद्धात गेलेल्यांसाठी सगळे एक मिनिट गप्प उभे राहतात. बहुतेक ठिकाणी हे नऊला होतं. वॉरिंग्यात सहाला होत होतं, आणि आमचा कार्यक्रमही सहाचाच होता.

आमची खूण ठरलेली होती. दालनातले दिवे मंद झाले की पडद्याआड गाणं सुरू करायचं, मग पडदा उघडायचा. पडद्याखालची उजेडाची पट्टी विझली, ढोलवाल्याने चार मोजले आणि मी 'जेटीवर भेट' सुरू केलं. पडदा उघडला तर दोनशे माणसं माझ्याकडे पाठ करून, नावं कोरलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं लोकांना आवाज पोचत नाहीये, म्हणून मी आणखी मोठ्याने गायले. काय चाललंय ते कळेपर्यंत माझं एक कडवं संपलं होतं.

दिवे लागल्यावर एक म्हातारा मंचापाशी आला. आल्फ ब्रोडी त्याचं नाव. व्हिएतनामच्या युद्धात मेलेल्या त्याच्या मुलाला नऊ दिवसांपूर्वीच पुरलं होतं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पोरी, आम्ही दिवसातून एकच मिनिट मागतो."

अकरा वर्षं मला एकाही क्लबाने दारात उभं केलं नाही. लंडनला जाऊन मी भांडी घासली, परत येऊन गालिच्यांच्या जाहिरातीत गायले. क्लबाच्या सेक्रेटरीने वर्तमानपत्राला कळवलं होतं की सहाची वेळ आमच्या मंडळींना त्याच दुपारी स्पष्ट सांगितली होती. डेसने मात्र शपथ घेतली की त्याला कोणी काही सांगितलं नाही. उरलेला दौरा त्याने नोएलीनला पुढे उभं करून पूर्ण करायचा प्रयत्न केला आणि तो तीन आठवड्यांत बंद पडला. १९७९ साली क्लबांनी मला परत घेतलं तेव्हा मी नोएलीनला सरळ विचारलं, डेसला वेळ माहीत होती का. ती म्हणाली, "हो, सेक्रेटरीने डेसला सांगितलं होतं. मी ऐकलं."

तेव्हापासून मी डेस हार्किनला सुखाने जगू दिलं नाही, आणि हे मी अभिमानाने नोंदवते. माझ्या प्रत्येक करारात मी लिहून घेतलं की डेस इमारतीत असेल तर मी गाणार नाही. १९९१ साली दूरचित्रवाणीवर सगळ्या देशासमोर त्याला खोटारडा म्हटलं. त्याच्या दोन्ही गायिका त्याला सोडून गेल्या, आणि शेवटी तो गॉसफर्डला पोहण्याचे तलाव साफ करायच्या औषधांचं दुकान चालवत होता. मी पाळलेल्या तिन्ही कुत्र्यांचं, आताचा धरून, नाव मी डेस ठेवलं, केवळ "डेस, खाली बस" असं म्हणता यावं म्हणून. गेल्या जुलैत तो मेला. मी त्याच्या अंत्यविधीला पिवळा पोशाख घालून गेले, पहिल्या रांगेत बसले आणि सगळे उभे राहिले तेव्हा बसूनच राहिले. त्याची मुलगी कर्स्टन माझ्याकडे बघत होती. तिने बघावं म्हणूनच मी तिथे बसले होते.

आता ती कर्स्टन न्यूकॅसलच्या नाट्यगृहात बापाच्या नावाची पाटी लावते आहे: ट्रुडी लार्कला घडवणारा माणूस. म्हणून अट अशी. माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत नोएलीनने वॉरिंग्याच्या क्लबात जावं. संध्याकाळचं मिनिट संपून दिवे लागले की त्या भिंतीसमोर माईक हातात घेऊन सांगावं की डेस हार्किनला वेळ माहीत होती, मी स्वतः ऐकलं होतं. तिने हे केलं तर घर तिचं. न केल्यास घर विकून पैसे बेवारस कुत्र्यांच्या संस्थेला द्यावेत.

कलम ५. (आज शनिवार आहे.)

वासिलिऊंच्या सल्ल्यावरून वरचं कलम मी काल संध्याकाळी नोएलीनला वाचायला दिलं. नवरा गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, ती माझ्याच मागच्या खोलीत राहते. ती मटणाच्या चापा तळत होती. तिने गॅस बंद केला, चष्मा लावला आणि उभ्यानेच सगळं वाचलं.

"बेर, घर दे त्या कुत्र्यांना," ती म्हणाली.

"का गं? तोंड उघडायला लाज वाटते? दोन वाक्यं तर बोलायचीत."

"तुझ्यापुढे बोलले होते ना मी. तेवढं पुरे. त्या भिंतीसमोर नाही बोलणार."

"खरं बोलायला भिंत कशाला आडवी येते?"

तिने कागद टेबलावर नीट ठेवला. "सेक्रेटरी डेसला भेटलाच नाही. डेस बाहेर गाडीतून स्पीकर उतरवत होता. तो माणूस आपल्या कपड्यांच्या खोलीच्या दारात आला आणि मला सांगून गेला. म्हणाला, बहिणीला आणि व्यवस्थापकाला सांग, सहाचे दिवे आमच्या पोरांसाठी आहेत. मी म्हटलं, सांगते."

"मग?"

"मग मी लिपस्टिक लावत बसले."

"विसरलीस?"

तिने चष्मा काढून कागदावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं तुझ्या पाठीकडे बघत ऊ-ऊ करत होते मी. तुझ्या पोशाखाची झिप कितव्या टाक्याला उसवली आहे ते मला पाठ होतं. वाटलं, एकदा तरी बाईसाहेबांचं हसं होऊ दे. लोक हसतील, मी पण हसेन, संपलं. तो म्हातारा येईल असं कुणाला माहीत होतं?"

"आणि डेस?"

"तू विचारलंस तेव्हा तुझ्या मनात तोच होता. मी फक्त हो म्हटलं."

समोरच्या माजी सैनिकांच्या क्लबात तेवढ्यात सहा वाजले; इथेही ते मिनिट सहालाच असतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं दालन सरळ दिसतं आणि दिवे मंद होताना दिसतात. हे घर मी १९७९ साली त्या खिडकीसाठीच घेतलं. घरी असले की मी त्या वेळी हातातलं काम टाकून उभी राहते, त्या म्हाताऱ्यासाठी. नोएलीनला वाटायचं माझे गुडघे दुखतात म्हणून मी उठते. काल मी उभी राहिले आणि तीही उभीच होती. दिवे परत लागल्यावर तिने विचारलं, "बेर, माफ केलंस ना गं?"

"चापा गार होतायत," मी म्हटलं.

रात्रभर विचार करून मी पुढचं ठरवलं आहे. कलम ४ मी एका रेघेने खोडते. रेघ बारीक आहे, खालचं सगळं वाचता यावं अशी. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध झालं की कोणालाही त्याची नक्कल मागवता येते. एक नक्कल वॉरिंग्याच्या क्लबाला आणि एक कर्स्टन हार्किनला वासिलिऊंनी स्वतः नेऊन द्यावी. कर्स्टनच्या पाटीला माझी हरकत नाही. पिवळा पोशाख तिला द्यावा. तिने तो जाळावा, फरशी पुसायला घ्यावा, काहीही करावं. डेसची माफी मागायला मला एक वर्ष उशीर झाला आहे.

कलम ६. बँकेतली सर्व शिल्लक समुद्रावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या स्थानिक पथकाला द्यावी.

कलम ७. घर नोएलीनला देते. वॉरिंग्याला जायची अट नाही. तिने जिवंत असेपर्यंत इथेच राहावं, विकू नये, भाड्याने देऊ नये. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावू नये.

घराबरोबर कुत्राही तिचाच. तो चार वर्षांचा आहे आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते अजून दहा वर्षं सहज जगेल. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास तो कुंपणाखालून निसटतो आणि क्लबाच्या अंगणात मटणाची सोडत लागते, म्हणजे तिकीट लागलेल्याला बक्षीस म्हणून मटण मिळतं, तिथे जाऊन बसतो. शिट्टी वाजवून येत नाही, बिस्किट दाखवून येत नाही. दारात उभं राहून नावाने मोठ्याने हाक मारावी लागते. त्याचं नाव बदलू नये. दुसऱ्या नावाला तो ओ देत नाही, मी आज सकाळभर करून पाहिलं.

हे सर्व मी वाचलं, मला समजलं, आणि ते माझ्या मनासारखं आहे. खालील दोघांच्या समक्ष, दोघे एकाच वेळी हजर असताना, मी सही करते. या दोघांनाही माझ्याकडून काही मिळणार नाही, म्हणून त्यांना बोलावलं आहे.

सही: बेरिल जोन पॅस्को (ट्रुडी लार्क)

साक्षीदार:
१. ग्लेनिस व्हार्टन, मटणाच्या सोडतीची तिकिटं विकणारी, स्टॉकटन
२. इव्हान ड्रॅगोविच, फेरीबोटीवरचा खलाशी, स्टॉकटन

स्थळ: स्टॉकटन, स्वयंपाकघर
दिनांक: १४ जून २०२५, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. सही थोडी उशिरा झाली, कारण आधी आम्ही चौघं उभे होतो, आणि मग नोएलीन कुत्र्याला हाक मारायला दारात गेली. तिला तीनदा हाक मारावी लागली.