कंपनीचं पातं

उस्ताद,

आज रविवार, नऊ तारीख, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. गाळ्याची फरशी घासता घासता उठून हे लिहायला बसलोय. रक्त काल दुपारीच पुसलं होतं, पण लेथखालच्या भेगेत राहिलंय.

तुम्ही गेल्यावर इथे कॉलेजची पोरं यायला लागली. झुंजणारे रोबोट बनवतात. एकाने दुसऱ्याला फाडायचं, हाच खेळ. पार्ट गाळ्यात बनवायचे की स्पॉन्सर कंपनीकडून आणायचे, यावर त्यांचं रोज भांडण. या वेळी फिरणारं पातं कंपनीने पाठवलं, कडक पोलादाचं, आरशासारखं. फक्त मधलं भोक अर्धा मिलिमीटर लहान. परत पाठवलं तर आठवडा जाणार. मी म्हटलं, द्या इकडे. पोरं गोडदेव नाक्यावर चहाला गेली. पोलाद नरम पडावं म्हणून मी भोकाभोवती गॅसने लाल केलं, थंड होऊ दिलं, भोक वाढवलं, परत कडक करायला पुन्हा तापवलं आणि घाईत थेट पाण्याच्या बादलीत बुडवलं. वरून पॉलिश मारलं.

सतराव्या वर्षीही मी हेच केलं होतं. तुम्ही मानगूट धरून माझं तोंड त्याच बादलीत दाबलंत. "तेलात, गाढवा! पाण्यात पोलादाची काच होते. उद्या कुणाच्या पोटात घुसेल!" नाकातोंडात पाणी जातंय आणि तुम्ही मोजताय, एक, दोन, तीन. नंतर स्वतःच्या शर्टाने माझं डोकंही तुम्हीच पुसलंत.

काल चाचणीत पातं जुन्या सिलिंडरवर आदळलं आणि फुटलं. एक तुकडा आडोशाचं प्लायवूड फाडून रोबोट चालवणाऱ्या पोराच्या मांडीत गेला. रिक्षात मी दोन्ही हातांनी जखम दाबून धरलीये, आणि तो दातओठ खात म्हणतोय, "दादा, टेन्शन नको. रोबोट हातानेच चालवतो ना मी." चौदा टाके पडले.

हॉस्पिटलच्या दारात त्यांची कॅप्टन मुलगी कंपनीच्या साहेबावर फोनवर ओरडत होती, "दादांनी फक्त भोक वाढवलं, बाकी पातं तुमचंच! मेला असता तो! नको तुमचा माल!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, यापुढे सगळं तुमच्याच हातचं." मी मान डोलावली.

ज्याचा हात लागला त्याने पार्टवर आपल्या खुणेचा पंच ठोकून ठसा मारायचा, हा तुमचा नियम. या पात्यावर मी मारला नाही. विसरलो नव्हतो, पंच हातात होता. कंपनीचंच राहू दे, असं बादलीतून काढतानाच मनात आलं.

बारा वाजता पोरं नव्या पात्याचं पोलाद घेऊन येतायत. "त्यांना खरं सांगेन", एवढं एकच वाक्य तुम्हाला कळवायचं होतं. ते वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.