खांद्यावरचा डाग

बुधवार, संध्याकाळ. गारखेडा.

तान्ह्यांच्या पोटदुखीवरच्या थेंबांची चाचणी संपली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या बाटलीत औषध नव्हतं, नुसतं गोड पाणी होतं. सुधीर हसला. "लई येडं बनवलं की आपल्याला!"

मग ती शांत कशानं व्हायची? थेंब रोज एकानंच द्यायचे, असा नियम होता. मी स्वयंपाकात, म्हणून ते काम सुधीरकडे, तिच्या बापाकडे. थेंब देऊन तो तिला खांद्यावर घेऊन फिरायचा. शर्टावर दुधाचा डाग पडायचा. धुताना मी कुरकुरायचे.

आज ती कळवळून रडायला लागली. म्हटलं, घे ना तिला. मोबाइलमधून डोकं न काढता तो म्हणाला, "औषधच नव्हतं ते. आता कशाला?"

मी घेतलं. ती अजून रडतेच आहे. त्याच्या शर्टावर आज डाग नाही.