रश्मीचा लहंगा

सोमवार, २७ एप्रिल

लहंगा नको म्हणते!

लग्न दहा मेला. पत्रिका वाटून झाल्या, हॉल ठरला, स्वयंपाकी ठरला. आज संध्याकाळी कचेरीतून आलो, पायातले बूट अजून काढायचे होते, तोच रश्मी समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मले तो लहंगा नाही घालायचा. मी पांढरी साडी नेसीन."

मी विचारले, "कारण?"

"जड आहे."

जड आहे म्हणे. फेब्रुवारीत नागपूरच्या दुकानात हाच लहंगा अंगाला लावून ती आरशासमोरून हलत नव्हती. दुकानदार कंटाळला, मी कंटाळलो, ती कंटाळली नाही. तेव्हा तो जड नव्हता काय? मी पुन्हा विचारले तेव्हा खुलासा मिळाला – "बुद्धवंदनेले गुडघ्यावर बसलं का त्याच्यात उठताच येत नाही, बाबा. काल घालून पाह्यला. दोघींनी धरून उठवा लागते. भर लग्नात लोक हासतीन."

माझी बायको ललिता चवळीच्या शेंगा निवडत होती. मी तिच्याकडे पाहिले. "हो, म्हणजे... जडच आहे तसा," एवढे म्हणून तिने पुन्हा शेंगांत डोके घातले.

माझ्या टेबलावरून सही होऊन गेलेला कागद कधी परत येत नाही, कारण सही करण्यापूर्वी मी तो वाचतो. माझ्या स्वतःच्या घरात मात्र ठरलेली गोष्ट ठरलेली राहत नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

रात्रीची झोप झाली, राग उतरला नाही.

हा लहंगा मला काय पडला, हे रश्मीला माहीत आहे. मी पैशांबद्दल लिहीत नाही. आमच्या घरात छप्पनच्या धर्मांतरापासून एकही नवरी रंगीत कापडात लग्नाला उभी राहिलेली नाही. पांढरे वस्त्र, दोन हार, वंदना, प्रतिज्ञा – बस्स. मलाही तेच आवडते. तरीही फेब्रुवारीत रश्मीने मरून रंगाच्या लहंग्याची इच्छा सांगितली तेव्हा मी शांतपणे विचार केला. मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून कमावते. बावीस प्रतिज्ञांपैकी एकीतही कापडाचा रंग लिहिलेला नाही. मी होकार दिला. आणि होकार दिला म्हणजे शेवटपर्यंत दिला! विहार समितीचे सचिव चार माणसांत म्हणाले, "साहेब, शिकलेल्यांच्या घरीच असं झालं तर बाकीच्याइले काय सांगाचं?" मी तिथल्या तिथे उत्तर दिले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. ठेवू देत.

पण बाईचे काय?

बाई, म्हणजे माझी थोरली बहीण पार्वताबाई, कोंढ्याला असते. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. पुढे मला तिनेच वाढवले. तिच्या हातचे खाऊन मी बी.कॉम. झालो. तिला फोन करून मी स्पष्ट शब्दांत सांगितले, "रश्मी लग्नात लहंगा घालणार आहे. मरून रंगाचा. निर्णय झालेला आहे."

तिने ऐकून घेतले. मग – "मंग मी कायले येऊ?"

"ते तू ठरव," असे म्हणून मी फोन ठेवला.

तेव्हापासून तिचा फोन नाही, माझाही नाही. पत्रिका पोस्टाने पाठवली. ज्या बहिणीने मला माणसांत आणले, तिच्याशी मी मुलीच्या लहंग्यासाठी बोलणे तोडले. आणि आता मुलीला लहंगा जड वाटतो.

गुरुवार, ३० एप्रिल

लहंगा चादरीत बांधून स्कूटरवर भंडाऱ्याला सेवकराम टेलरकडे नेला. जड असेल तर हलका करता येतो. एवढ्यासाठी निर्णय फिरवण्याचे कारण नाही. म्हटले, आतली जाळी काढा, घेर कमी करा, गुडघ्यावर बसून उठता आले पाहिजे.

त्याने तो टेबलावर पसरला, कमरेशी धरून उचलला, झटकला.

"साहेब, हा जड हाय? पोरी याच्यात डीजेपुढं नाचून राहिल्या. बसनं-उठनं त का चीज हाय?"

मी म्हणालो, "नाचणाऱ्या मुलींचे मला सांगू नका. जाळी निघते की नाही ते सांगा."

"निघते. पन मंग तो लहंगा नाही राहत, परकर होते."

आणला तसा परत आणला. जाताना राग एकट्या रश्मीवर होता, येताना सेवकरामवरही.

तरी वाटेत विचार केला. लहंगा जड नसेल, तर रश्मीला कोणीतरी काहीतरी बोलले असले पाहिजे. आणि कोण बोलणार? सासरचेच. घरी येताच अड्याळला रत्नाबाईंना, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, धम्मदीपच्या आईला, फोन लावला. आडपडदा न ठेवता विचारले, "लग्नातल्या कपड्यांबद्दल आपण रश्मीला काही सुचवले आहे काय?"

"आमी कायले सुचवू, इवाईबुवा? घोंगडं पांघरून आली तरी आमची सूनच होय ते. तुमी जेवले का?"

त्या हसल्या. मला हसण्यासारखे काही दिसले नाही.

शुक्रवार, १ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात गेलो. वंदना संपल्यावर सचिव स्वतःहून जवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला. "ऐकलं, साहेब. पोरगी पांढऱ्यातच उभी राहून राहिली. शेवटी आपलं वळण कुठं जाते?"

म्हणजे आमच्या अख्ख्या जवाहरनगरला माहीत झाले. मी वाकलो, असे त्यांना वाटते. मी वाकलेलो नाही. ज्या बाजूने मी भांडत होतो, ती बाजूच न सांगता उठून गेली, आणि मी एकटा तिथे उभा आहे. हे त्यांना कसे सांगणार?

खीर घेतली. गोड लागली नाही.

शनिवार, २ मे

रश्मीशी बोललो नाही. ती बोलली, मी उत्तर दिले नाही.

रविवार, ३ मे

मायलेकी जाऊन साडी घेऊन आल्या. कोशाच्या रेशमाची, पांढरी, बारीक निळा काठ. मला दाखवली. चांगली आहे. चांगली आहे, असे मी म्हणालो नाही.

जेवताना कळले की पार्लरवाल्या रक्षालाही रश्मीने कळवून टाकले – केस आणि चेहरा तेवढा करा, बाकी नको. मी म्हणालो, "मग साडी नेसवणार कोण? तुझ्या आईला दुसऱ्याच्या निऱ्या जमत नाहीत, असे ती स्वतःच सांगते."

"पाहू ना, बाबा."

"पाहू ना" हे उत्तर नव्हे. लग्न आठवड्यावर आहे, आणि नवरी म्हणते पाहू ना! मी ताटावरून उठलो.

नंतर ललिता मागे आली. "आता बाईले बोलवून आणा. आता त पांढरी साडी आहे."

मी म्हणालो, जमणार नाही. आता गेलो तर बाईला वाटेल की तिची समजूत काढण्यासाठी मी मुलीची हौस मोडली. शिवाय शब्द तिचा होता – मंग मी कायले येऊ. तो तिने मागे घ्यावा.

ललिता सहसा आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. "शेजारच्याइले पत्रिका हातानं देली तुमी, जेवाले थांबले त्याइच्या घरी. अन् सख्ख्या बहिणीले पोस्टानं." एवढे बोलून ती भांडी घासायला गेली.

याचाही राग आला.

बुधवार, ६ मे

रजा टाकून सकाळीच कोंढ्याला गेलो. नवी पत्रिका सोबत घेतली, पाकिटावर स्वतःच्या हाताने नाव लिहिले. वाक्ये वाटेतच ठरवून ठेवली होती. थोडक्यात बोलायचे, जुने उकरायचे नाही, चहा घ्यायचा नाही.

बाई अंगणात खाटेवर कुरोड्या घालत होती. साचा दाबता दाबता तिने वर पाहिले. "ये. ऊन लागलं असन. रांजनातलं पानी घे."

मी उभ्यानेच म्हणालो, "रश्मी पांढरी साडी नेसणार आहे. आता तुला यायला हरकत नसावी."

"मले कवा हरकत होती?"

"तूच म्हणालीस. मंग मी कायले येऊ."

"हो मंग. कायले येऊ? तूच सांग." साचा तिने बाजूला ठेवला. "आपल्या घरची एकेक पोरगी लग्नाच्या दिवशी म्या नेसवली. तुही बायको म्या नेसवली, निऱ्या पडल्या का तिच्या दिवसभर? लहंग्याले का नेसवा लागते? त्याले चेन रायते. पार्लरवाली येते, लावते, जाते. मंग मी का नुसती पंगत झोडाले येऊ? खुर्चीवर बसून पाहुनीवानी?"

मी रांजणातले पाणी प्यालो. मग म्हणालो, "म्हणजे रंगाचा प्रश्न नव्हता?"

"रंगाचं मी कुठं बोलली?"

ती रंगाचे बोलली नव्हती. मी मनातल्या मनात तो फोन पुन्हा पहिल्यापासून ऐकला. एक अक्षरही नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलेस? एक वाक्य अधिक बोलली असतीस तर –"

"तुनं ठेवून देला ना फोन." ती पुन्हा साचा दाबू लागली. "अन् तुनं इचारलं कुठं? तुनं त कळवलं. आपीसात कळवते तसं. वरून पत्रिका डाकवाल्याच्या हातानं."

राग मला येत होता, पण आता तो ठेवायला जागा सापडेना. मी पाकीट तिच्यासमोर धरले. हात पिठाचे होते म्हणून तिने ते कोपराने खूण करून खाटेवर ठेवून घेतले.

"पोरीनं मोठ्या हौसेनं घेतला लहंगा, मंग सोडला काहून?"

"जड आहे म्हणते. वंदनेला बसले की उठता येत नाही."

"तरन्या पोरीले?" बाई हसली. मग हसता हसता थांबली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. "तू मले फोन केला तवा रश्मी घरी होती का?"

"असेल. समोरच बसलेली असेल. का?"

"काई नाई. काठ केवढा हाय साडीचा?"

चहा घेतला. कुरोड्यांचे गरम पीठही खाल्ले, तिखट-तेल घालून.

शनिवार, ९ मे

बाई सकाळच्या गाडीने आली. आल्या आल्या साडी उलगडून पाहिली, फॉल कच्चा लावला म्हणून ललितावर उखडली, स्वतः उसवून पुन्हा लावला. हॉलवाल्याने दोनच कूलर दिले आहेत. ठरले होते चार. मी त्याला सोडणार नाही.

सोमवार, ११ मे

काल लग्न वेळेवर लागले. साडी बाईने नेसवली – दार आतून लावून घेऊन, मला बाहेर उभे करून. दिवसभर एक निरी हलली नाही. वंदनेच्या वेळी रश्मी सहज बसली, सहज उठली. मनात आले, निर्णय फिरवला ते एका अर्थी बरोबरच होते.

जेवणे झाल्यावर पाठवणीच्या आधी ती खोलीत गेली आणि बाहेर आली ती मरून लहंग्यात. सगळ्यांच्या आधी बाईपुढे गेली. दोन्ही गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावले. मी घाईने तिला धरून उठवायला पुढे झालो.

ललिताने माझी बाही ओढली. "राहू द्या. उठते ती."

रश्मी उठली. कोणाचाही हात न धरता.