पडीक म्हणजे कचरा नव्हे

३ मार्च, मंगळवार
विहीणबाईंनी, पॅटने, आज आपल्या गावाचा इतिहास वाचायला दिला. गाव म्हणजे इंग्लंडातलं लिटल वेनफर्ड. एक चर्च, एक पब, बाकी मेंढ्या. पॅटचा खापरपणजोबा तिथून निघून इथे, न्यू साउथ वेल्सला आला. त्याच्या सगळ्या वंशजांचा मेळावा २१ला, कॅसल हिलच्या हॉलमध्ये. पॅट हा इतिहास तिथे वाचून दाखवणार. "फिल, तू नन्सकडे शिकलीस, कॉमा तूच बघ." माझ्या जावयाची आई जन्माने इंग्लिश बोलणारी, आणि कॉमासाठी तिला वसईची फिलोमिना लागते. सिस्टर असत्या तर गालात हसल्या असत्या.
मजकूर बरा. विशेषणं फार. गाव लाडकं, ओढा लाडका, पाद्रीसुद्धा लाडका. पेन्सिलीने निम्मे लाडके कमी केले.

५ मार्च, गुरुवार
केलीव्हिलच्या या घरात दुपारी चिटपाखरू नसतं. मुलगी अनिता, जावई ग्रेग मेट्रोने कामावर, नात क्लेअर शाळेत. एकच कपाट दोनदा आवरलं. कुत्रं भुंकलं तरी बरं वाटतं.
मग पॅटची पानं. एक ओळ खोडलेली, पण वाचता येते. खापरपणजोबाचं खोपटं "ऑन द वेस्ट" (waste, पश्चिम नव्हे) होतं. फोन केला, का खोडलीस?
"डार्ल, आमची माणसं उकिरड्यावर राहायची, हे मी सगळ्यांसमोर वाचू?"
मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. सांगितलं, बाई, हे वेस्ट म्हणजे उकिरडा नव्हे. पड. नांगराखाली न आलेली जमीन, सगळ्या गावाने गुरं चारायची, सरपण आणायचं. आमच्याकडे गुरचरण म्हणतात तसलंच काहीसं. सगळी नोकरी तहसील कचेरीत जमिनीच्या कागदांत गेली. पड, पोटखराबा, गुरचरण हे मला मीठमिरचीसारखे शब्द.
तिकडून, "इंग्लिश माझी भाषा आहे, लव्ह."
असेल. म्हणून कळतेच असं नाही. (हे बोलले नाही. फोन आधीच ठेवला होता तिने.)

८ मार्च, रविवार
चर्चमधल्या मिसानंतर पॅट जेवायला. काल पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून कोकम आणलेलं, कोळंबीचं कालवण केलं. दोन घास झाले असतील, मी वेस्टचा विषय काढला. ग्रेगने फोनवर शोधलं. "मम, फिल बरोबर सांगते."
पॅटने काटा खाली ठेवला. "अच्छा," एवढंच. कालवण तसंच राहिलं.
नंतर किचनमध्ये अनिता: "मम्मी, ती जेवायला बसल्यावरच तुला डिक्शनरी उघडायची होती?"
"उघडली तुझ्या नवऱ्याने."
"आणि काडी कोणी लावली?"
क्लेअर दारातून, "आजी, दॅट वॉज सॅवेज." कौतुक होतं की काय, कळलं नाही. विचारणार तर पळाली.

१० मार्च, मंगळवार
मंगळवारी पॅट येते, मला गाडीतून लायब्ररीत नेते, नंतर कॉफी. मला गाडी येत नाही. मंगळवार नसेल तर मी या घरात खिडकीतली कुंडी. आज येईल असं वाटलं नव्हतं. आली. लायब्ररीतून दोन जाड पुस्तकं काढली आणि कॉफी गार होईपर्यंत वाचत बसली.
मग एकदम: "फिल, ते चोर होते."
कोण?
जमीनदार. पडीवर कुंपण घातलं, काटेरी झुडपं लावली, आणि कायद्याने ती जमीन आपली करून घेतली. गाय ठेवायला जागा नाही, सरपण तोडलं तर गुन्हा. म्हणून खापरपणजोबाला गाव सोडावं लागलं. घरात मात्र पिढ्यान् पिढ्या सांगितलं, नशीब काढायला आला. "नशीब! हाकललं त्याला." शेजारच्या टेबलावरची जोडपी बघायला लागली. संतापली की पॅट तरुण दिसते. मीही दोन शिव्या घातल्या, मराठीत. अर्थ सांगितल्यावर खूश.
ओळ पुन्हा येणार. वर एक अख्खं पान.

१३ मार्च, शुक्रवार
नवीन पान आलं. झक्कास. कुंपणाचा भाग वाचताना अंगावर काटा.
पण शेवट. खापरपणजोबाला न्यू साउथ वेल्समध्ये अखेर स्वतःची जमीन मिळाली, "वेस्ट लँड, जी कोणीच वापरत नव्हतं."
पुन्हा तोच शब्द. एकाच पानावर. वर जो शब्द जमीनदाराच्या तोंडी, तोच खाली हिच्या तोंडी. तिला दिसलं कसं नाही? समासात लिहिलं: कोणीच? वेनफर्डचा जमीनदारही हेच म्हणाला असेल.
पाठवून दिलं. चहा केला, प्यायला विसरले.

१४ मार्च, शनिवार
फोन. आवाज बर्फ.
"तू आधी मला उकिरड्यातून काढलंस. आता चोर म्हणतेस?"
मी म्हटलं, तुला नाही.
"मग कोणाला? तो मुलंबाळं घेऊन उपाशी आला होता, फिल."
उपाशी होता हे खरं. आणि त्या जमिनीवर आधीपासून इथली आदिवासी माणसं होती हेही खरं. दोन्ही बोलले.
"तुमच्या गुरचरणावर आता काय आहे?"
टॉवर.
"राहतं कोण?"
तिसऱ्या मजल्यावर माझा भाऊ.
"त्याच्या समासात काय लिहिलंस?" आणि फोन बंद.
भावाला फोन केला. ही जागा कोणाची होती, आठवतं का? "बाय, लिफ्ट बंद आहे आठ दिवस. तू मला जागा काय विचारते?"

१७ मार्च, मंगळवार
पॅट आली नाही.
घराभोवती दोन फेऱ्या, मग सगळ्या सेक्टरला. प्रत्येक घराला तेच करडं पत्र्याचं कुंपण. याआधी कधी दिसलं नव्हतं असं नाही, पण आज डोळ्यात जात होतं.
अनिता म्हणते सॉरी म्हण. कशाबद्दल ते सांग, म्हणते मी. "मम्मी, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, वडिलांनी सांगितलेलं तिचं गाव आहे ते." हे मात्र लागलं.
ग्रेग समजूत घालायला आला. मेळाव्याच्या सुरुवातीला इथल्या मूळ मालकांना वंदन करतातच, तेवढं पुरे नाही का?
"म्हणजे आधी मालकांना नमस्कार, आणि लगेच, इथे कोणी नव्हतं?"
तो कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेला.

१९ मार्च, गुरुवार
काही नाही. फोन हातात, नंबर अर्धा. सॉरी म्हटलं तर खोटं, न म्हटलं तर ही शांतता. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलू नये शिकवलं, खरं बोलल्यावर काय करावं ते नाही शिकवलं.

२० मार्च, शुक्रवार
दुपारी पॅटचा फोन. नमस्कार-चमत्कार नाही.
"उद्या अकराला न्यायला येते. पुढच्या रांगेत बस, मला दिसशील अशी."
कुठलं पान वाचणार?
"दोन्ही पर्समध्ये आहेत. जुनं, आणि तू समासात लिहिल्यावर मी बदललेलं."
म्हणजे?
"म्हणजे माझी नातवंडं बसलेली असतील, माझी धाकटी बहीण असेल, तिला गेल्या वर्षीच हार्टचं झालंय. उभी राहीन तेव्हा कळेल मला." मग, "मी वाचत असताना तू तोंड उघडायचं नाहीस. कबूल?"
कबूल, म्हटलं.
निळा ड्रेस इस्त्री केला. कबूल केलंय ते ती वाचत असतानाचं. तिने जुनंच पान वाचलं आणि खाली बसली, तर पुढे काय, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मलाच माहीत नाही.