प्रत्येक खोलीला एक बटण

सोलबात,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. फिलसुन हिला दकबेदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्यांचं ग्यूतेकडून कळलं. पत्ताही त्याच्याकडूनच घेतला. लेक माझा असून नऊ वर्षं मला चोरून आत्याला फोन करतो. मला माहीत होतं, मी विचारलं नाही. आमचं इकडे ठीक आहे. परसातल्या खाकीच्या झाडाची फळं यंदा लहान आहेत, आणि तुझ्या वहिनीचा डावा कान आता पुरताच गेला आहे.

दोन नोव्हेंबरला, शनिवारी, नव्या घराची घरभरणी आहे. तू यावंस म्हणून हे पत्र लिहितो आहे. येशील की नाही या काळजीने मला जेवण जात नाही, म्हणून आधी घराचंच सांगतो.

ग्यूतेने ठरवलं होतं की घरभर आवाज आणि चित्र पोचलं पाहिजे. बैठकीत मोठा पडदा, स्वयंपाकघरात लहान पडदा, सहाही खोल्यांत गाणी. आखणी करायला देगूहून मेंगबाई आल्या. वय पस्तीस असेल, हुशार. त्यांनी नकाशा पसरला आणि मला घाम फुटला. उंदरांनी तारा खाल्ल्या तर? वीज पडली तर? भिंती एकदा बंद झाल्या की चूक कायमची आत राहणार. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, नकाशा उलटा धरला होता हेसुद्धा ग्यूतेने सांगितलं.

पण नकाशा सरळ केल्यावर मला एक गोष्ट दिसली. बाईंनी बैठकीच्या छतात दोन दांडगे ध्वनिक्षेपक दाखवले होते आणि म्हणाल्या, "आजोबा, यांचा आवाज अख्ख्या घरात जाईल."

मी म्हणालो, "जाईल हो, पण बैठकीतल्याचे कान फुटतील आणि मागच्या खोलीत नुसता घोंघाट पोचेल."

तुला आठवतं ना, मी गावप्रमुख झालो त्या वर्षी सभागृहाच्या छपरावर एकच मोठा कर्णा बसवला होता? डोंगराला आपटून खालच्या आळीला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा आणि वरच्या आळीला एकही नाही. खताची सूचना ऐकून लोक लसीला गेले होते. शेवटी तो उतरवून मी गावभर खांबांवर सहा लहान कर्णे लावले, हळू आवाजातले. तेच मी बाईंना सांगितलं. प्रत्येक खोलीत लहान लावा आणि हळू बोलू द्या. आणि स्वयंपाकघरातला डावीकडे दाखवलाय, तो उजवीकडे खिडकीशी घ्या. कोबी खारवताना आमच्या हिचा चांगला कान तिकडे असतो.

मेंगबाईंनी पेन्सिल काढली, सगळं खोडलं आणि नव्याने काढलं. ग्यूतेला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना आमच्याकडे कामाला पाठवता का?" फिलसुन, बावीस वर्षं गावाला ओरडून सूचना दिल्या, पण असं कोणी म्हणालं नव्हतं.

नंतर मात्र भांडण झालं. नकाशात प्रत्येक खोलीत एक डबी होती. आपण बोललो की ती ऐकते, मग दिवा लागतो, गाणं लागतं.

मी विचारलं, "म्हणजे ती सतत ऐकत असते?"

"हो, म्हणूनच सोय आहे ना, आजोबा."

"आणि ऐकलेलं कुठे जातं?"

ग्यूते वैतागला. "बाबा, तुमचं कोण काय ऐकणार आहे? आई म्हणेल मीठ जास्त झालं, तुम्ही म्हणाल नाही!"

मी हटलो नाही. माझ्या घरात हाताने बंद करता येणार नाही असा कान नको. प्रत्येक खोलीला चालू-बंद करायला दाराशी एक बटण, चालू असताना लागणारा वर लाल दिवा, आंधळ्यालाही दिसेल इतका मोठा. तारा जास्त लागल्या तर लागू देत, भिंती अजून उघड्या आहेत. शेवटी डब्या गेल्या आणि बटणं आली.

पोरगा म्हणाला, "एवढं बटणाचं काय घेऊन बसलात?"

त्याचं उत्तर मी तुला द्यायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी सातची सूचना संपवून मी सभागृहात माइकपाशीच बसलो होतो. तू आत आलीस आणि त्या उल्सानच्या माणसाबरोबर राहायला जाते म्हणालीस. मी म्हणालो, नवऱ्याच्या थडग्यावर अजून गवत धरलं नाही आणि तुला दुसऱ्याचं अंथरूण सुचतंय. गावाने ते न्याहारी करता करता ऐकलं. तू त्याच दुपारच्या बसने गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, माइकचं बटण अडकलं होतं. खरं वाटावं म्हणून मी चांगलं बटण काढून नवीनही बसवून घेतलं.

बटण अडकलं नव्हतं. माइक चालू असल्याचा लाल दिवा लागलेला मी पाहिला होता. पाहूनच बोललो. गावासमोर लाज वाटली तर तू थांबशील असं मला वाटलं.

गेल्या मंगळवारी मी सभागृहात गेलो. आताच्या गावप्रमुख, दुकानवाल्या बाई, म्हणाल्या, "दोनच मिनिटं हं आजोबा, मला फ्लूच्या लसीचं सांगायचंय." मी माइक दोन्ही हातांनी धरला. "आ, आ, माइक तपासतोय," म्हणालो आणि मग जसं वर लिहिलंय तसंच्या तसं सांगितलं. माझी बहीण काही वाईट वागली नव्हती, वाईट मी वागलो, असंही सांगितलं. सहाही कर्ण्यांवरून. खालच्या आळीला, वरच्या आळीला, एकदाच आणि स्वच्छ.

बाहेर आलो तर सभागृहाशेजारची नव्वदीतली चुनमबाई कुंपणावरून ओरडली, "अरे, आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं! अडकलेल्या बटणाने कोणी इतकं खणखणीत बोलतं का? नऊ वर्षं लागली होय रे तुला?" आणि मग एप्रनखाली झाकलेलं उकडलेलं रताळं माझ्या हातात कोंबलं. मी ते रस्त्यातच उभ्या उभ्या खाल्लं. आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली होती.

काल घराची चाचणी झाली. अर्धं गाव जमलं. मेंगबाईंनी बैठकीत गाणं लावलं आणि मी खोली खोली फिरलो. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. तुझी वहिनी भांड्यांपाशी उभी होती. तिने मान वर केली आणि गाण्याबरोबर गुणगुणायला लागली, चक्क सुरात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी छाती काढून उभा राहिलो, खोटं कशाला बोलू.

दक्षिणेकडची खोली नकाशात मी 'पाहुण्यांची' म्हणून लिहायला लावली होती. काल खोडून तुझं नाव घातलं. तिथलं बटण पलंगाशी आहे, पडल्या पडल्या हात पोचेल. पलंग दोघांचा आहे.

घरभरणीला सगळे देतात ती साबणपूड आणि कागदाच्या गुंडाळ्या आणू नकोस, लोकांनी आत्ताच ढीग घातलाय. दहा वाजताच्या बसने निघालात तर जेवायला पोचाल. मी थांब्यावर उभा राहीन. नाही आलात तरी शेवटची बस जाईपर्यंत उभा राहीन.

हामरावांना, माझ्या मेहुण्यांना, नमस्कार सांग. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला.

तुझा थोरला भाऊ,
प्यो दकबे